३० वॅटचा एलईडी पथदिवा मे महिन्यातही टिकावा म्हणून: उष्णतेची वाट पायरीपायरीने कशी आखायची

खांबावरचा दिवा बंद पडला की वायरमन वर चढतो, हलवून बघतो आणि खाली येऊन सांगतो, "एलईडी गेली." तोच दिवा टेबलावर घेऊन उघडला की बहुतेक वेळा निराळंच दिसतं. ड्रायव्हरमधला (मेन्सची वीज एलईडीला लागेल तशी करून देणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर फुगलेला असतो, एखाद्या चिपखालचा सोल्डर तडकलेला असतो, बोर्डाच्या मधल्या चिप तपकिरी पडलेल्या असतात आणि कडेच्या चांगल्या असतात. मी गेली कित्येक वर्षं छोट्या कारखान्यात दिवे जुळवतो आणि परत आलेले दिवे उघडून बघतो. त्यातल्या बऱ्याच बिघाडांचा माग काढत गेलं की शेवट एकाच ठिकाणी होतो: चिपमध्ये तयार झालेल्या उष्णतेला बाहेर पडायला सरळ वाट नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं, की दिव्याचं चित्र काढण्याआधी उष्णतेची वाट कागदावर आखायची. बॉडी, काच, लेन्स, रंग सगळं त्यानंतर. खाली ३० वॅटच्या पथदिव्याचं उदाहरण धरून ही वाट पहिल्या आकड्यापासून शेवटच्या मोजणीपर्यंत मांडतो आहे. बॅटन, हायबे किंवा फ्लडलाइट करणाऱ्यांना आकडे बदलावे लागतील, पण रीत हीच राहील.

आधी एवढं समजून घ्या

जुन्या पिवळ्या बल्बची तार दोन-अडीच हजार अंशांवर तापायची आणि बहुतेक ऊर्जा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात प्रकाशाबरोबरच बाहेर फेकायची. बल्बला हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा भाग, लागत नसे तो यामुळे. एलईडीच्या झोतात ही अवरक्त उष्णता जवळजवळ नसते. चिपमध्ये जी उष्णता तयार होते तिला मागच्या बाजूने, धातूतून, वहनाने बाहेर यावं लागतं. 'एलईडी थंड असते' हा समज झोताकडे हात धरून झालेला आहे. मागच्या बाजूला हात लावला तर तो टिकत नाही.

पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटरची. तिच्यावर फॉस्फरचा पिवळा थर असतो. निळ्या प्रकाशाचा पिवळा होताना प्रत्येक फोटॉनची जवळपास पाचवा हिस्सा ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे उष्णता चिपमध्येही तयार होते आणि वरच्या फॉस्फरमध्येही. फॉस्फर ज्या सिलिकॉनमध्ये मिसळलेला असतो ते उष्णता फार वाईट वाहून नेतं, त्यामुळे मोठ्या सीओबीमध्ये (एकाच बुडावर अनेक चिप दाटीने बसवलेल्या एलईडीत) वरचा पिवळा थर कधीकधी खालच्या चिपपेक्षाही जास्त तापतो.

तापमान वाढलं की प्रकाश लगेच कमी होतो. जंक्शन, म्हणजे चिपमधला प्रकाश तयार करणारा थर, २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेलं की पांढऱ्या एलईडीचा उजेड साधारण दहा टक्क्यांनी घटतो. दिवा गार झाला की हा उजेड परत येतो. न परतणारं नुकसान हळूहळू होतं: सिलिकॉन पिवळं पडतं, चांदीचा परावर्तक काळवंडतो, प्रकाशाचा रंग सरकतो, सोल्डर थकतो.

पायरी १: दोन आकडे ठरवा

पहिला आकडा दिव्याभोवतीच्या हवेचा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात दुपारचा पारा ४५च्या पुढे जातो. पथदिवा रात्री लागतो हे खरं, पण दिवसभर उन्हात भाजलेली बॉडी संध्याकाळी सातला, दिवा लागतो त्या क्षणी, अजून तापलेलीच असते. म्हणून मी पथदिव्यासाठी भोवतालचं तापमान ४५ अंश धरतो. पत्र्याच्या शेडमधल्या हायबेसाठी ५५ धरावं. तिथे गरम हवा नेमकी पत्र्याखाली साठते आणि दिवाही तिथेच टांगलेला असतो. खोलीत २५ अंशांवर तपासलेला दिवा दोन्ही ठिकाणी आपल्याला फसवतो.

दुसरा आकडा जंक्शनचा, म्हणजे चिपमधल्या ज्या थरात प्रकाश तयार होतो त्याच्या तापमानाचा. डेटाशीटवर कमाल १२५ किंवा १५० अंश लिहिलेले असतात. ती मरणाची हद्द आहे, तिच्याजवळ राहण्यासाठी दिलेली जागा नव्हे. पथदिव्यासाठी मी ८५ची मर्यादा ठेवतो.

४५ आणि ८५ यांच्यामध्ये ४० अंश उरले. ही आपली शिल्लक. पुढची प्रत्येक पायरी यातले काही अंश खर्च करणार आहे, आणि कोणता अंश कुठे गेला याचा हिशेब आपल्याकडे असला पाहिजे.

हिशेबाची रीत सोपी आहे. वाटेतल्या प्रत्येक थराला एक थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे उष्णतेला होणारा रोध, असतो: एका वॅटमागे तापमान किती अंश चढेल तो आकडा. वॅटला त्याने गुणलं की त्या थरातली चढ मिळते. सगळ्या चढी एकापुढे एक मिळवल्या की जंक्शनचं तापमान. पाटाच्या पाण्यासारखंच हे आहे. चारी कितीही रुंद खणली तरी एका मोरीत गाळ साचला असेल तर पाणी तिथेच तुंबतं.

पायरी २: चिपची रचना बघून पॅकेज निवडा

बाजारात आपण चिप विकत घेत नाही, पॅकेज घेतो, म्हणजे बुडावर चिप बसवून तयार केलेली एलईडी. पुढे बोर्डावर मोजताना सोयीसाठी तिलाच चिप म्हणतो. तरी आतली रचना कोणती हे माहीत असलं की निवड डोळसपणे होते.

सगळ्यात प्रचलित रचना आडवी. नीलमणी म्हणजे सफायरच्या चकतीवर गॅलियम नायट्राइडचे थर वाढवलेले असतात आणि दोन्ही जोड वरच्या बाजूला सोन्याच्या किंवा मिश्रधातूच्या बारीक तारेने काढलेले असतात. अडचण दुहेरी आहे. प्रकाश तयार होतो वर आणि उष्णता उतरते खालच्या सफायरमधून, ज्याची वहनक्षमता जेमतेम ३५ ते ४० वॅट प्रति मीटर प्रति अंश आहे. शिवाय वीज एका जोडाकडून दुसऱ्याकडे आडवी जाताना जोडाजवळ दाटते, त्यामुळे चिपचा तेवढाच भाग जास्त तापतो. कमी वॅटच्या २८३५ प्रकारच्या (२.८ बाय ३.५ मिलिमीटर मापाच्या) चिपना हे चालून जातं. त्यांचा करंटच थोडा असतो.

फ्लिप-चिप रचनेत तीच चिप उलटी बसवतात. प्रकाश तयार करणारा थर खाली, जोडाच्या धातूला लागून येतो. उष्णतेला सफायर ओलांडावाच लागत नाही आणि तारही नसते. तार तुटून बंद पडणाऱ्या एलईडी मी इतक्या पाहिल्या आहेत की तार नसणं हा मला मोठाच गुण वाटतो, विशेषतः पूल आणि हमरस्त्याच्या खांबांवर, जिथे सतत हादरे बसतात.

उभ्या रचनेत लेसरने सफायर सोडवून काढतात आणि थर सिलिकॉन या मूलद्रव्यासारख्या (फॉस्फर मिसळतात ते रबरी सिलिकॉन वेगळं) चांगल्या वाहकावर चिकटवतात. वीज वरून खाली सरळ जाते, करंट दाटत नाही. जास्त करंटच्या चिपसाठी ही रचना उत्तम, पण तिला वरच्या बाजूची तार सहसा राहतेच.

पॅकेजमध्ये आणखी एक गोष्ट लपलेली असते: चिप खाली कशाने चिकटवली आहे. स्वस्त पॅकेजमध्ये इपॉक्सी असतं. चांगल्या पॅकेजमध्ये सोनं आणि कथिलाच्या मिश्रधातूने जोडणी असते. ती इपॉक्सीच्या कित्येक पट उष्णता वाहते आणि वितळते २८० अंशांना, म्हणजे आपण बोर्ड रिफ्लोमधून (सोल्डर वितळवणाऱ्या भट्टीतून) काढला तरी हलत नाही. डेटाशीटवर हे लिहिलेलं नसलं तरी जंक्शन ते सोल्डर-पॉइंट (पॅकेज बोर्डाला सोल्डर होतं ती जागा) हा रोधाचा आकडा सगळं सांगून जातो. माझ्या उदाहरणासाठी मी सिरॅमिक बुडाचं ३५३५ पॅकेज घेतो, कमाल करंट ७०० मिलीअँपियर, रोध एका वॅटला ८ अंश. ज्या एलईडीच्या डेटाशीटवर हा आकडाच नाही, ती मी पथदिव्यात घालत नाही.

पायरी ३: चिप वाढवा, करंट उतरवा

३० वॅटचा दिवा १२ चिप पूर्ण ७०० मिलीअँपियरवर चालवून करता येतो, किंवा २४ चिप ३५० मिलीअँपियरवर चालवून. पहिला मार्ग स्वस्त दिसतो. पण करंटची घनता वाढली की एलईडीची कार्यक्षमता आपोआप घसरते, चिप गार ठेवली तरीही. शिवाय प्रत्येक चिपमधून दुप्पट उष्णता निघते, म्हणजे पॅकेज आणि बोर्डातली चढही दुप्पट. १२ चिपच्या मार्गात तेवढ्याच प्रकाशासाठी साधारण १० अंश फुकट जातात. ४० अंशांच्या शिल्लकेत १० ही चैन परवडत नाही.

तर २४ चिप घेऊ. प्रत्येकी ३ व्होल्ट आणि ०.३५ अँपियर, म्हणजे १.०५ वॅट. सगळ्या मिळून २५.२ वॅट. ड्रायव्हरमध्ये आणखी ३.८ वॅट जातील, म्हणजे मेन्समधून २९ वॅट. विजेतला ६५ टक्के हिस्सा उष्णता होतो असं मी हात राखून धरतो. म्हणजे एका चिपमागे ०.६८ वॅट आणि बोर्डावर एकूण १६.४ वॅट उष्णता.

या २४ चिप एकाच माळेत जोडाव्यात की समांतर माळांत? एलईडी तापली की तिचा व्होल्टेज उतरतो, एका अंशाला दोन-एक मिलिव्होल्ट. समांतर माळांमधली जी माळ जरा जास्त तापते तिचा व्होल्टेज उतरतो, म्हणून ती जास्त करंट ओढते, म्हणून आणखी तापते. हे दुष्टचक्र मंद असतं, पण दिवा वर्षानुवर्षं रोज रात्रभर चालणार असतो. एका माळेत प्रत्येक चिपला अगदी सारखा करंट मिळतो, म्हणून मी एकच माळ पसंत करतो: ७२ व्होल्ट, ३५० मिलीअँपियर. तिचा तोटाही आहेच, एक चिप उघडी पडली की सगळा दिवा जातो. तो धोका पॅकेज चांगलं घेऊन कमी करता येतो. समांतर माळा केल्याच, तर एकाच बिनच्या (उत्पादकाने व्होल्टेज आणि उजेडानुसार केलेल्या एकाच गटातल्या) चिप घ्या आणि सगळ्या माळा बोर्डावर सारख्या तापतील अशा गुंफा.

पायरी ४: बोर्ड

साध्या एफआर-४ (काचतंतू आणि इपॉक्सीच्या) बोर्डाची वहनक्षमता सुमारे ०.३ वॅट प्रति मीटर प्रति अंश. अल्युमिनियम कोअर बोर्डात तांबं आणि अल्युमिनियमच्या मध्ये एक पातळ विद्युतरोधक थर असतो, आणि सगळा खेळ त्या थराचा आहे. खालचं अल्युमिनियम एक मिलिमीटर आहे की दीड, याने फारसा फरक पडत नाही. थर १०० मायक्रॉन जाडीचा आणि २ वॅटचा (म्हणजे २ वॅट प्रति मीटर प्रति अंश वहनाचा, पुढेही असंच) असेल आणि उष्णता चिपभोवती २० चौरस मिलिमीटरवर पसरली असेल, तर त्याचा रोध अडीच अंश प्रति वॅट येतो. तांब्यातून पसरतानाचा थोडा रोध धरून मी ४ मानतो. चढ: ४ गुणिले ०.६८, म्हणजे २.७ अंश. बोर्ड घेताना पुरवठादाराला या थराची जाडी आणि वहनक्षमता लेखी विचारा. 'अल्युमिनियम बोर्ड आहे' एवढं उत्तर पुरेसं नाही. स्वस्त बोर्डात हा थर १ वॅटपेक्षाही कमी वहनाचा निघतो.

चिपच्या खालचं तांबं सढळ ठेवा. चिपच्या मापाएवढाच पॅड आणि भोवती मोकळी जागा, अशी चित्रं बघायला सुबक वाटतात, पण उष्णता पसरायला तांबंच लागतं. ३५ मायक्रॉनऐवजी ७० मायक्रॉनचं तांबं जमलं तर उत्तमच.

एफआर-४ वापरायचंच झालं तर चिपच्या पॅडखाली थर्मल व्हाया, म्हणजे आतून तांबं चढवलेली आरपार छिद्रं, काढाव्या लागतात. ०.३ मिलिमीटरचं छिद्र, आत २५ मायक्रॉन तांबं, बोर्डाची जाडी १.६ मिलिमीटर: अशा एका व्हायाचा रोध १९० अंश प्रति वॅट येतो. १६ व्हाया समांतर धरल्या तर १२. आपल्या चिपला म्हणजे ८ अंशांची चढ. चालेल असा आकडा आहे, पण व्हाया भरून घेतलेल्या हव्यात, नाहीतर सोल्डर छिद्रातून खाली ओघळतो आणि चिपखाली पोकळी राहते.

सोल्डरच्या थकण्याबद्दल इथेच सांगतो. सिरॅमिक एका अंशाला दशलक्षात सुमारे ७ भाग प्रसरण पावतं, अल्युमिनियम २३ भाग. दिवा रोज संध्याकाळी ५० अंश तापतो आणि सकाळी निवतो. साडेतीन मिलिमीटरच्या पॅकेजवर हा फरक तीन मायक्रॉनहूनही कमी होतो. ऐकायला काहीच नाही. पण तो सगळा ताण सोल्डरच्या पातळ थराने रोज सोसायचा असतो, वर्षाला ३६५ वेळा, दहा वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक वेळा. तडा कोपऱ्यातून सुरू होतो, तड्यामुळे उष्णतेची वाट अरुंद होते, चिप जास्त तापते आणि तडा आणखी पुढे सरकतो. उपाय तीन आहेत: तापमानातली उडी लहान ठेवणं, सोल्डर पेस्ट पुरेशी आणि सगळीकडे सारखी पडेल असं स्टेन्सिल (पेस्ट पसरायची छिद्रांची पत्री) करणं, आणि जमलं तर तांब्याच्या कोअरचा बोर्ड वापरणं. तांब्याचं प्रसरण १७ आहे, म्हणजे सिरॅमिकच्या जरा जवळ.

पायरी ५: बोर्ड आणि बॉडी यांच्यातला सांधा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. याच सांध्याने मला सगळ्यात महागाचा धडा दिला.

आमच्या सुरुवातीच्या एका खेपेतले दिवे पहिल्याच उन्हाळ्यानंतर परत आले. प्रत्येकात बोर्डाच्या मधल्या चिप तपकिरी, कडेच्या ठणठणीत. बोर्ड चार कोपऱ्यांतल्या चार स्क्रूंनी बसवलेला होता, खाली उष्णतावाहक पेस्ट लावलेली होती, सगळं नियमाप्रमाणे. बोर्ड काढला तेव्हा पेस्टवर कडेला धातूचा ठसा होता आणि मध्यभागी पेस्ट लावली तशीच, ओली चकचकीत होती. कोपरे आवळल्यामुळे बोर्ड मधून कमानीसारखा उचलला गेला होता. चिप, बोर्ड, हीटसिंक सगळं चांगलं असून मधल्या फटीने दिवे घालवले.

आकडे बघा. आपला बोर्ड १२० बाय ५० मिलिमीटरचा, म्हणजे ६० चौरस सेंटिमीटर. त्याच्याखाली ०.२ मिलिमीटर जाडीची दीड वॅटची साधी पेस्ट सगळीकडे नीट बसली, तर १६.४ वॅटला चढ होते अवघी ०.४ अंश. त्याच ०.२ मिलिमीटरमध्ये पेस्टऐवजी हवा राहिली, तर चढ २१ अंश. आपली निम्मी शिल्लक एका कागदाएवढ्या फटीत संपते. दीड वॅटच्या पेस्टऐवजी महागडी पाच वॅटची पेस्ट घेतली तर वाचतो पाव अंश. महाग पेस्टचे पैसे वाचवा आणि ते बॉडीची बैठक मिलिंग करून सपाट करण्यात घाला.

मधोमध किमान एक स्क्रू, शक्यतो दोन. बैठकीवर पावडर कोटिंग चढू नये म्हणून मास्किंग. ड्रिलच्या भोकांच्या कडेचे बर (धातूचे उभे राहिलेले काटे) काढलेले. स्क्रू ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, आधी हलके सगळे आणि मग मधून बाहेर असे आवळायचे. आणि दर खेपेत दोन-तीन नग जुळवून झाल्यावर परत उघडून पेस्टचा ठसा बघायचा. ठसा सगळीकडे सारखा पातळ दिसला की खेप पुढे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही.

पायरी ६: बॉडी आणि फिन

बॉडीने एकूण २०.२ वॅट हवेत सोडायचे आहेत: चिपचे १६.४ आणि ड्रायव्हरचे ३.८. पंख्याशिवाय, स्थिर हवेत, फिन असलेली बॉडी एका चौरस मीटरमधून एका अंशामागे साधारण ६ वॅट सोडते असं मी धरतो. बॉडी हवेपेक्षा २५ अंशच जास्त तापावी असं ठरवलं, तर क्षेत्रफळ लागतं ०.१३५ चौरस मीटर, म्हणजे १३५० चौरस सेंटिमीटर. २०० बाय १२० मिलिमीटरचा तळ आणि त्यावर २५ मिलिमीटर उंचीच्या १२ फिन घेतल्या की एवढं क्षेत्रफळ मिळतं.

दोन फिनमध्ये ८ मिलिमीटरची फट ठेवा. फिन दाट केल्या की कागदावर क्षेत्रफळ वाढतं, पण दोन्ही फिनलगतचे गरम हवेचे थर एकमेकांना भिडतात आणि हवा हलतच नाही. खांबावरच्या दिव्यात तर दाट फिनमध्ये धूळ, पानं, किडे आणि पक्ष्यांच्या घरट्याच्या काड्या अडकतात. फिनची दिशा अशी असावी की पावसाचं पाणी त्यांच्यामधून वाहून कचरा घेऊन जाईल. धुळीसाठी मी हिशेबापेक्षा चौथाई क्षेत्रफळ जास्त देतो.

गिऱ्हाईक दिवा हातात तोलून बघतं आणि जड असला की खूश होतं. वजनाने उष्णता बाहेर पडत नाही, ती फक्त उशिरा चढते. बाहेर काढायचं काम पृष्ठभागाचं. जाडी तळाला द्या, चार-पाच मिलिमीटर, म्हणजे चिपखालची उष्णता टोकाच्या फिनपर्यंत पोचेल. एक्सट्रूजनचं (साच्यातून दाबून काढलेलं) ६०६३ अल्युमिनियम सुमारे २०० वॅट वाहतं, डायकास्टचं (वितळवून साच्यात ओतलेलं) एडीसी १२ त्याच्या निम्म्याच्या आसपास. डायकास्ट बॉडीचा तळ म्हणून जाडच हवा.

रंगाबद्दल एक गैरसमज नेहमी भेटतो, की रंग उष्णता अडवतो. कोऱ्या चकचकीत अल्युमिनियमची उत्सर्जकता (विकिरणाने उष्णता टाकायची क्षमता, कमाल १) ०.०५च्या आसपास असते आणि पावडर कोटिंगची ०.८५च्या पुढे. रंगाचा ७० मायक्रॉनचा थर एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर नगण्य अडथळा करतो आणि विकिरणाने मात्र बरीच उष्णता बाहेर टाकतो. अवरक्त किरणांना पांढरा आणि काळा रंग जवळपास सारखेच. उन्हात भाजणाऱ्या पथदिव्याला मग फिका रंगच बरा.

आता सगळा हिशेब जुळवू. हवा ४५, बॉडीची चढ २५, सांधा ०.४, बोर्ड २.७, पॅकेज ५.४. बेरीज ७८.५ अंश. ८५च्या आत आहोत आणि धुळीला सहा अंश शिल्लक आहेत. सोल्डर-पॉइंट ७३ अंशांवर येतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ७: ड्रायव्हर

चिप वाचवली आणि ड्रायव्हर गेला तर खांबाखाली अंधार तोच. ड्रायव्हरमधला सगळ्यात नाजूक भाग इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याचं तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. १०५ अंशांना ५००० तासांचा कपॅसिटर ७५ अंशांवर चालला तर ४०,००० तास जातो. पथदिवा वर्षाला साधारण ४२०० तास जळतो, म्हणजे साडेनऊ वर्षं. तोच कपॅसिटर ८५ अंशांवर चालवला की पाच वर्षंही भरत नाहीत. म्हणून ड्रायव्हर एलईडी बोर्डाच्या पाठीशी कधीच ठेवू नका. खांबाकडच्या बाजूला त्याचा वेगळा कप्पा करा आणि त्याच्या खोक्याचा तळ बॉडीच्या धातूला नीट टेकवून स्क्रू करा. हवेत लोंबणारा ड्रायव्हर स्वतःच्याच उष्णतेत शिजतो.

गावाकडच्या फीडरवर रात्री भार उतरला की व्होल्टेज चढतो, आणि न्यूट्रल तुटला तर दिव्यावर ४४० येतात. ४४० व्होल्टचं संरक्षण आणि विजेचे अचानक झटके अडवणारा वेगळा सर्ज प्रोटेक्टर या गोष्टी पथदिव्यात मी ऐच्छिक मानत नाही. जमत असेल तर बोर्डावर चिपच्या मध्ये एक एनटीसी थर्मिस्टर (तापला की ज्याचा विद्युतरोध उतरतो असा भाग) ठेवून ड्रायव्हरला जोडा. बोर्ड ८० अंशांच्या पुढे गेला की करंट हळूहळू उतरेल. फिनमध्ये घरटं झालं तर उजेड थोडा मंदावेल, दिवा मरणार नाही.

पायरी ८: आत काय कोंडतो आहोत

पाणी आत जाऊ नये म्हणून आपण दिवा घट्ट बंद करतो, पण बंद दिवा श्वास घेतो. रात्री आतली हवा तापून फुगते, पहाटे निवून आकसते आणि गॅस्केटच्या बारीक फटीतून बाहेरची दमट हवा ओढते. कोकणात तिच्याबरोबर मीठही येतं. पडद्याचा ब्रीदर व्हॉल्व्ह लावला की दाब सारखा होतो आणि पाणी मात्र बाहेर राहतं. छोटी वस्तू आहे, पण आयपी ६६ची (धूळ आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची) परीक्षा पास झालेल्या दिव्यातही पहिल्या पावसाळ्यानंतर काचेच्या आत थेंब दिसतात ते ती नसल्यामुळे.

सीलंट निवडताना नाक वापरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन ॲसिटिक ॲसिड सोडतं, ते दिव्यात कधीही नको. न्यूट्रल क्युअर प्रकारचंच घ्या. गंधकाने पक्कं केलेलं रबर गॅस्केट म्हणून वापरलं तर त्याच्या वाफा चिपमधली चांदी काळी करतात. गटारं, गोठे, बायोगॅसचे खड्डे, साखर कारखान्याचा परिसर इथे हवेतच हायड्रोजन सल्फाइड असतो. अशा जागांसाठी गंधकरोधी पॅकेज मागून घ्या.

अल्युमिनियममध्ये स्टेनलेसचे स्क्रू खाऱ्या हवेत झिजतात ते अल्युमिनियमच्या अंगाने, कारण दोन धातूंची बॅटरी तयार होते. समुद्रकाठी स्क्रूला ग्रीस आणि खाली नायलॉनचा वॉशर द्या.

पायरी ९: मोजल्याशिवाय काही खरं नाही

वर काढलेला ७८.५ हा आकडा अजून कागदावरचा आहे. के-टाइपचं बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी) मधल्या चिपच्या सोल्डर-पॉइंटला, पॅडच्या तांब्यावर, सोल्डर करून किंवा उष्णतावाहक गोंदाने चिकटवा. नुसत्या टेपखाली ठेवलेलं थर्मोकपल दोन-चार अंश कमी दाखवतं. दुसरं ड्रायव्हरवर छापलेल्या टीसी (तापमान मोजायच्या) बिंदूवर, तिसरं फिनच्या टोकाला. काच लावून, दिवा पूर्ण बंद करून, खांबावर ज्या दिशेने बसणार त्या दिशेने ठेवा. दर पंधरा मिनिटांनी वाचा. दोन वाचनांत एका अंशाहून कमी फरक आला की तापमान स्थिरावलं. जड बॉडीला दोन तासही लागतात. अर्ध्या तासात वाचन घेऊन दिवा पास करणं ही मी पाहिलेली सर्रास चूक आहे.

थर्मल कॅमेऱ्याने उघडं अल्युमिनियम बघू नका. चकचकीत धातू खोलीचं प्रतिबिंब दाखवतो आणि ८० अंशांची बॉडी ४० अंशांची दिसते. मोजायच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर कॅमेरा रोखा.

जंक्शनचं तापमान चिपच्या व्होल्टेजवरूनही काढता येतं. ओव्हनमध्ये बोर्ड दोन-तीन ठरलेल्या तापमानांवर ठेवून, प्रत्येक वेळी ३५० मिलीअँपियरचा अगदी क्षणभराचा करंट देऊन माळेचा व्होल्टेज टिपा. एका चिपला अंशामागे २ मिलिव्होल्ट उतार आला, तर २४ चिपच्या माळेला ४८ मिलिव्होल्ट. आता दिवा चालवून स्थिर झाल्यावर माळ २.४ व्होल्टने उतरलेली दिसली, तर जंक्शन ५० अंशांनी चढलं आहे. हा सगळ्या चिपचा सरासरी आकडा असतो, म्हणून मधल्या चिपचं थर्मोकपल हवंच. आणि ७२ व्होल्टच्या उघड्या माळेला हात लावताना सांभाळा. ड्रायव्हर आयसोलेटेड (मेन्सपासून विद्युतदृष्ट्या वेगळा) नसेल तर तिथे मेन्सचा झटका बसतो.

सोल्डर-पॉइंटचा मोजलेला आकडा हातात आला की चिपच्या उत्पादकाकडून एलएम-८० या चाचणीचा अहवाल मागा. त्यात चिप किमान ६००० तास ठरलेल्या तापमानावर जाळून उजेड किती उरला ते दिलेलं असतं. आपला आकडा ७३ असेल तर ८५ अंशांचा तक्ता बघा, ५५चा नव्हे, आणि त्यातला करंट आपल्या ३५० इतका किंवा त्याहून जास्त आहे ना ते तपासा. टीएम-२१ या आयुष्याचा अंदाज काढायच्या पद्धतीने हा आलेख चाचणीच्या तासांच्या जास्तीत जास्त सहा पटींपर्यंतच लांबवता येतो. ६००० तासांच्या चाचणीवर कुणी एक लाख तासांचं आश्वासन देत असेल तर त्याला हा नियम दाखवा. शिवाय हे तास चिपचे आहेत, कपॅसिटरचे आणि सोल्डरचे हिशेब वेगळे.

उत्पादन सुरू झाल्यावर दर खेपेतले काही नग ४५ अंशांच्या गरम पेटीत ४८ तास सलग चालवा आणि त्यानंतर चालू-बंदचे फेरे द्या. कच्ची सोल्डरिंग आणि अर्धवट आवळलेला स्क्रू इथेच सापडतो. आणि गावात दिवे लागल्यावर, पहिला पावसाळा सरला की, बंद न पडलेला एक दिवा मुद्दाम खाली उतरवा. काचेच्या आत ओल आहे का, फिनमध्ये काय साचलं आहे, चिपची चांदी कुठे काळी पडली आहे का, ते बघा. बोर्ड सोडवून पेस्टचा ठसा बघा, नव्या पेस्टने परत बसवा, आणि सोल्डर-पॉइंटचं तापमान पुन्हा मोजून पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी तारखेसह लिहा.